राहिलेला चकवा

३ मार्च, सोमवार

काकांचा कॉम्प्युटर पुसला! कोरा करकरीत.

सकाळी कॉम्प्युटर विभागातला माणूस ट्रॉली घेऊन काकांच्या खोलीत उभा. हे काय, विचारलं. "मॅडम, नियम आहे. माणूस गेला की मशीन साफ करून स्टोअरला जमा." साफ कधी केलं? "गुरुवारीच झालं." अहो, ते नोकरी सोडून गेले नाहीत, वारले! तर शांतपणे म्हणतो, "आमच्याकडे दोन्हीला रकाना एकच आहे."

गुरुवारी मी भिंतीच्या अलीकडे बसून चहा पीत होते. पलीकडे पाच वर्षांचं काम पुसलं जात होतं आणि मला साधा पत्ताही लागला नाही.

ट्रॉलीवर काकांचा कपही निघाला होता. तो मात्र मी उचलून घेतला. कान तुटलेला कप, कोणाच्या काय कामाचा. आता माझ्या टेबलावर आहे.

४ मार्च, मंगळवार

डोक्यात गुंता झालाय. सरळ लिहून काढते.

आम्ही शोधतो ती लहान कृष्णविवरं. मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहाच्या, मध्यात एक अगडबंब कृष्णविवर असतं. काही ठिकाणी ते वायू गिळत बसलेलं असतं. तो वायू तबकडीसारखा भोवती फिरतो, तापतो, आणि केंद्र असं पेटतं की बाकीची दीर्घिका त्यापुढे फिकी पडते. त्या पेटलेल्या गर्दीत लहान कृष्णविवरंही फिरत असणार, असं गणित म्हणतं. लहान म्हणजे थोरल्याच्या मानाने चिल्लीपिल्ली. ती दिसायची कशी? ट्रकच्या हेडलाइटपुढे काजवा! पण एखादं जर तिरकं फिरत असेल, तर प्रत्येक फेरीत दोनदा तबकडी भेदून जातं, आणि दर वेळी थोडा जास्तीचा उजेड उसळतो. उजेडाच्या आलेखावर बारकासा उंचवटा येतो. तो हुडकायचा. झालं आमचं काम. आईला हे एकदा समजावलं होतं. म्हणाली, "आणि सापडला की?" म्हटलं, सापडला की सापडला. "बरं. जेवलीस का?"

आता चकवे. उंचवटे शोधून शोधून माणसाला नसलेलेही दिसायला लागतात. म्हणून आमच्यात एक रीत आहे. गटातल्या एकाने खऱ्या नोंदींत गुपचूप खोटे उंचवटे मिसळायचे. शोधणाऱ्यांना अवाक्षर सांगायचं नाही. आम्ही शोधून सगळं पुढे ठेवलं की मग तो उघड करणार – हे आकाशाचं, हा माझा. कोण किती डोळस आणि कोण किती भुलतो ते तेव्हा कळतं. खोट्याला आम्ही चकवा म्हणतो. पाच वर्षं ते काम काकांचं. म्हणून तर अख्ख्या इमारतीत ते चकवेकाका.

किती चकवे घातले? कुठे? विचारलं की हसायचे. "एकही नसेल. नाहीतर सगळेच माझे असतील. तू शोध ना!" उत्तर फक्त त्या एका मशीनवर होतं. एक प्रत संचालकांकडे असायला हवी. "देणार होते," संचालक म्हणाले. "राहून गेलं."

मूळ नोंदींशी ताडून पाहावं, तर मूळ नोंदीच नाहीत. आमची दुर्बीण – अवकाशात फिरायची बिचारी, गेल्या वर्षी कायमची मुकी झाली – तिच्याकडून इतका माल यायचा की ठेवायला जागा नसायची. चाळायचा, निवडक ठेवायचा, बाकी पुसून टाकायचा. आणि काकांनी चकवे मिसळले ते चाळणीच्या वरच. खडे तांदळाच्या डब्यात नाही, थेट गिरणीतच टाकले म्हणा.

म्हणजे आमच्या नोंदींत खरं कुठलं आणि काकांचं कुठलं, हे आता या जगात कोणालाच माहीत नाही.

५ मार्च, बुधवार

बैठक. दाढीवाला – माझ्या समोरच्या टेबलावर बसतो, कानाला हेडफोन चिकटलेले, दोन वर्षांत आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलेलं नाही – तो म्हणाला, "फेकून द्या सगळं. दूध नासलं की नासलं." संचालक म्हणाले, निदान शोध तरी पुरा करू. करायचा कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाणी उताराकडे जातं आणि काम घरी कोणी वाट बघत नसलेल्या माणसाकडे.

हो म्हटलं. नाही म्हणून तरी काय करणार होते?

९ मार्च, रविवार

आज कोणाशीच बोलले नाही. दुकानात दुधाची पिशवी घेताना "सुट्टे नाहीत" म्हटलं, ते धरलं तर दोन शब्द.

१४ मार्च, शुक्रवार

लोकांना वाटतं आम्ही रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो. मी दहा ते सहा वाली. दुर्बीणसुद्धा मी कधी प्रत्यक्ष बघितलेली नाही. दोन स्क्रीन, एक खुर्ची, खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी. एकेक दीर्घिका उघडायची, तिचा आलेख डावीकडून उजवीकडे बघायचा, केंद्राचं स्वतःचं धडधडणं वजा करायचं, उरलेल्यात शोधायचं. काही नाही. पुढची. काही नाही. पुढची.

चार वाजले की काका भिंतीवर पेन्सिलीने टकटक करायचे. म्हणजे चहा. मी उलट टकटक केली की निघायचं. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ते माझी फिरकी घ्यायचे. "काय, आज किती भुतं पकडली?" मी चिडायचे. मग आम्ही दोघंही गप्प बसायचो, बराच वेळ, आणि ते गप्प बसणं अजिबात जड जायचं नाही.

आज चारला मी की-बोर्डवरचे हात उचलून थांबले. कान भिंतीकडे. वेडेपणाच! पलीकडे आता फोटोकॉपीचं मशीन ठेवलंय.

मला त्यांची फार आठवण येते. ऑफिसात कोणाला सांगायची सोय नाही. त्यांच्या लेखी ते माझे सीनियर होते. सीनियर गेल्यावर पंधरा मिनिटं शोकसभा असते, ती झाली.

१९ मार्च, बुधवार

सापडला!!

एकशे सतरा नंबरची दीर्घिका. केंद्राचं धडधडणं वजा केलं आणि खाली उंचवटे – एक, दोन, तीन... रांगच लागली. आणि अंतरं कशी? एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. तिरक्या, लांबट कक्षेत फिरणारं काहीतरी तबकडी वरून भेदतं, फिरून येऊन खालून भेदतं. अगदी असंच दिसायला हवं. पुस्तकात चित्र काढावं तसं.

खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत गेले. टकटक करायला हात उचललाही होता.

२० मार्च, गुरुवार

पुस्तकात चित्र काढावं तसं – तिथेच तर गोम आहे.

काका चित्रं फार छान काढायचे.

दाढीवाल्याला दाखवलं. त्याने एक हेडफोन काढला (म्हणजे बघा!) आणि म्हणाला, "चकवा आहे. इतकं सुबक आकाश करत नाही." मग मी अंतरं मोजली. सुबक कुठलं, लांब अंतरंसुद्धा आपसांत थोडी मागेपुढे आहेत. ते दाखवल्यावर म्हणतो, "मग खरं असेल." पण मला काका आठवले. कँटीनमध्ये बशीत चहा ओतत म्हणायचे, "खरं नेहमी जरा वाकडं असतं. म्हणून मी खोटंसुद्धा वाकडंच करतो. सरळ खोटं कोणीही पकडेल."

म्हणजे सुबक असलं तर काकांचं, आणि वाकडं असलं तरी काकांचं. नाहीतर दोन्ही आकाशाचं!

एकच उपाय. चकवा जुन्या नोंदींत असू शकतो, आकाशात नाही. दुसऱ्या कोणाच्या दुर्बिणीने एकशे सतराकडे आज बघायचं. उंचवटे आले तर खरे. नाही आले तर काकांचे.

आणि आता इथे, जिथे कोणी वाचणार नाही तिथे, लिहितेच. ते खरे निघाले तर असा शोध माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. सगळी नोकरी मी त्यासाठीच केली. आणि तरी कालपासून मला मनातून वाटतंय की ते खोटे निघावेत. काकांनी केलेले असावेत. पाच वर्षांत कधीतरी एका दुपारी बसून, हिला हा सापडेल का बघू, म्हणून घातलेले. कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेलंय, असं व्हावं.

शहाण्या माणसाने असं वाटून घेऊ नये. वाटतंय खरं.

२३ मार्च, रविवार

काकूंकडे गेले. शोकसभेत नुसते हात जोडले होते. घरी जायचं टाळत होते.

दोन खोल्यांचं घर, दारात अजून काकांच्या चपला. "उचलवत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि बाहेरून कोणाला वाटलं घरात पुरुष माणूस आहे, तर बरंच आहे." चहा केला. साखर जरा जास्तच. काका गेल्यापासून अंदाज चुकतो म्हणाल्या, दोघांचीच पडते एका कपात.

"ह्यांचं ते खोट्याचं काम कोण बघतं आता?" म्हटलं, कोणी नाही. त्या हसल्या. "कोणाला जमायचंही नाही. मला विचार! उभा जन्म चकवलंय ह्यांनी मला." आणि कपाटातून अल्बम काढला. लग्नाचे, सहलीचे, भावाबहिणींचे फोटो. मधल्या पानावर एका स्टुडिओतला. मिशीवाले गृहस्थ, अंबाडा घातलेली बाई, दोन पोरं, मागे रंगवलेला पडदा.

"ही कोण असेल सांग."

म्हटलं, काकांची बहीण?

"बघ! मीही ह्यांची मामेबहीण समजत होते. आल्यागेल्याला तसंच सांगायचे. सात वर्षं! एक दिवस मामाच घरी आले, म्हणाले, ही कोण? मला मुलगीच नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात कसे – मला काय ठाऊक, जुन्या बाजारात मिळाला, म्हटलं बघू तुझ्या कधी ध्यानात येतं!"

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांचं हसणं थांबलं आणि पाणी तेवढं राहिलं.

"काढून का नाही टाकला?" विचारलं.

"आता कसा काढणार गं? घरचेच झाले ते."

निघताना मी बोलून गेले. एकशे सतराचं सगळं सांगितलं. काकूंना तबकडी नि कक्षा काही कळलं नसेल, पण शेवटचं बरोबर कळलं. "म्हणजे ह्यांचा एक चकवा राहिलाय म्हणतेस?"

कदाचित, म्हटलं.

२ एप्रिल, बुधवार

दुसऱ्या संस्थेच्या दुर्बिणीसाठी अर्ज केला. संचालकांनी सही करताना दोनदा विचारलं, "खरं निघेल ना?" जणू मी ज्योतिषी.

१७ एप्रिल, गुरुवार

अर्ज मंजूर! तीन पाळ्या मिळाल्या. प्रत्येक पाळीत ती दुर्बीण दोन दिवस एकशे सतराकडे टक लावून बसणार. जुन्या हिशोबाने प्रत्येक पाळीत चार तरी उंचवटे यायलाच हवेत. म्हणजे वेळ चुकली-हुकली अशी सबब नाही.

वेळापत्रक बघणाऱ्या बाईंचा फोन आला. मेल करायची पद्धत आहे, पण या बाई फोन करतात. वयस्कर आवाज, मागे कुठेतरी पंख्याची घरघर. तारखा सांगितल्या आणि म्हणाल्या, "एकट्याच आहात का हो अर्जावर? बाकी अर्जांवर वीस-वीस नावं असतात." म्हटलं, दुसरं नाव होतं, ते वारले. "अरेरे," म्हणाल्या. आणि फोन ठेवायच्या आधी, "काळजी करू नका बाळ, नीट बघून देऊ."

त्रेचाळीस वर्षांच्या बाईला बाळ! दिवसभर बरं वाटलं.

४ मे, रविवार

आईचा फोन. ताईच्या मुलीचा निकाल, शेजाऱ्यांचं भांडण, जेवलीस का. "तुझं काय चाललंय?" काही नाही, वाट बघतेय. "कोणाची?" एकदम आशेने! दुर्बिणीची, म्हटलं. पलीकडे सुस्कारा.

१३ मे, मंगळवार

पहिली पाळी सुरू. ऑफिसात करण्यासारखं काही नाही. टेबल पुसलं. कान तुटलेल्या कपात पेनं ठेवली, काढली, परत ठेवली.

१६ मे, शुक्रवार

नोंदी आल्या. एकही उंचवटा नाही.

केंद्र मात्र जुन्या नोंदींपेक्षा बरंच उजळ दिसतंय. थोरल्याला नवीन घास मिळालेला दिसतो, तबकडी चांगलीच पेटलीये. दाढीवाला म्हणाला, "एवढा भडका असताना बघून काय उपयोग?" मी म्हटलं, भडका वजा करता येतो, तेच तर आयुष्यभर करतेय. जरा फाडकन म्हटलं. त्याने हेडफोन लावले.

२७ मे, मंगळवार

दुसरी पाळी. बाईंचा फोन, "लागली हो तुमची दुर्बीण." त्यांच्याकडे आज पंखा बंद आहे, लाइट गेलेत. पाच मिनिटं लाइट या विषयावर बोललो.

३० मे, शुक्रवार

काही नाही. चार दिवसांचं बघणं, आठ उंचवटे यायला हवे होते, आला एक नाही. केंद्र अजून तसंच भडकलेलं. पण आता पुरे. उत्तर मिळालं.

काकांचाच!

दाढीवाला जेवायला गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडले. दुःखाने नाही. किती दिवसांनी कोणीतरी भिंतीवर टकटक केल्यासारखं वाटलं. आलेख पुन्हा उघडून एकेक उंचवटा बघितला. इथे त्यांनी थोडं पुढे सरकवलंय, इथे जरा बुटका केलाय, मला संशय येऊ नये म्हणून. इथे नक्की हसले असतील. एवढ्या दीर्घिका पडल्या होत्या, त्यातून वेळ काढून हे केलं. आणि सापडला मलाच!

शोध गेला. जाऊ दे. बाकीच्यांकडे शोध असतात, माझ्याकडे हे आहे.

१ जून, रविवार

आलेखाची मोठी प्रत काढून काकूंकडे नेली. जाताना रस्त्यात दोनदा वाटलं, मागे फिरावं. नवरा गेलेल्या बाईला घरी जाऊन आलेख द्यायचा म्हणजे काय!

त्यांनी चष्मा लावला. कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. "ह्यातलं ह्यांचं कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशा शेवटपर्यंत गेल्या. सावकाश. लांब, आखूड, लांब, आखूड.

"लबाड माणूस," म्हणाल्या. "जाता जातासुद्धा!"

मग म्हणाल्या, "तुला माहितीये का, हे गेले ना, तेव्हा मला फार राग आला होता. सकाळी जिना उतरले ते गेलेच. एक शब्द नाही. एवढा बोलका माणूस आणि मला काही म्हणून सांगून गेला नाही." कागदावरून हात फिरवला. "हे आहे म्हणजे काहीतरी राहिलंय."

भिंतीवर कॅलेंडरच्या जागी कागद लागला. खिळा मीच ठोकला. जेवून जा म्हणाल्या, जेवले. दर रविवारी येत जा म्हणाल्या.

४ जून, बुधवार

संचालकांना कळवलं, चकवा होता. चेहरा पडला त्यांचा. मग म्हणाले, "तिसरी पाळी परत करून टाका. उगाच दुसऱ्याची दुर्बीण अडवायची नाही."

बरोबर आहे. उद्या परत करते.

९ जून, सोमवार

परत केली नाही.

त्याला शास्त्रीय कारण काही नाही. परत केली तर बाईंचा फोन यायचा नाही, एवढंच. दुर्बीण अडवून ठेवायची ती एका फोनसाठी! कळलं तर नोकरीवरून काढतील आणि तेच योग्य होईल. काका असते तर म्हणाले असते, "सरळ त्यांचा नंबर घ्यावा माणसाने." ते माझ्याच्याने होत नाही.

१५ जून, रविवार

काकूंकडे. तिसरा रविवार. आज त्यांच्याकडे शेजारची बाई आली होती, तिला काकू भिंतीवरचा कागद समजावत होत्या. "हे काळं भोक बरं का, असं आत शिरतं, असं बाहेर येतं. पण हे खरं नाही हं! हे आमच्या ह्यांनी केलेलं आहे. मोठमोठ्या शिकलेल्यांना फसवलं!" माझ्याकडे बोट. मी मान डोलावली. शेजारीण माझ्याकडे बिचारी म्हणून बघत होती.

साखरेचा अंदाज जमायला लागलाय त्यांना. चपला अजून दारातच आहेत, पण फडक्याने पुसलेल्या दिसल्या.

घरी येताना लक्षात आलं, आज रस्ताभर मी गुणगुणत होते.

१७ जून, मंगळवार

"लागली हो दुर्बीण, बाळ." त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आहेत. मी धीर केला आणि घरचा नंबर मागितला. दिला!

२० जून, शुक्रवार

तिसऱ्या पाळीच्या नोंदी उघडणारच नव्हते. दाढीवाल्याने उघडल्या. हेडफोन गळ्यात अडकवून माझ्या टेबलाशी आला आणि त्याच्या स्क्रीनकडे बोट केलं.

केंद्राचा भडका ओसरलाय. आणि खाली – एक, दोन, तीन, चार. लांब, आखूड, लांब.

मागच्या दोन पाळ्यांतही तिथेच होते. भडक्यात बुडालेले. वजा करता येतो असं मीच म्हटलं होतं, पण तेवढा भडका मला वजा करता आला नव्हता. की करायचाच नव्हता?

दुसऱ्या दुर्बिणीतून, आजच्या आकाशातून. खरं आहे. त्या उजेडाच्या डोंगरात एक लहानसं कृष्णविवर एकटंच फिरतंय आणि ते मला सापडलंय. दाढीवाल्याने माझे दोन्ही हात धरून हलवले. संचालकांनी पेढ्याऐवजी बिस्किटाचा पुडा फोडला. सगळी इमारत माझ्या खोलीत. आईला फोन केला. "सापडला? अगं मग रडतेस कशाला?"

काकांनी माझ्यासाठी काहीच ठेवलेलं नव्हतं.

२२ जून, रविवार

काकूंकडे जाऊन आले. कागद भिंतीवर आहे. त्याच्याखाली त्यांनी छोटा दिवा लावून घेतलाय, म्हणजे संध्याकाळीही दिसतो.

खरं निघालं ते सांगितलं नाही. "काय म्हणतंय ह्यांचं भोक?" विचारलं, तर म्हटलं, मजेत आहे.

स्टुडिओतली ती बाई परकी आहे हे कळायला त्यांना सात वर्षं लागली होती. माझा हा पहिलाच चकवा. तेवढा टिकला तरी पुष्कळ.